नलिका, वांझपण आणि कोलकाता : स्त्रीरोगाच्या इतिहासातील दोन दप्तरे

३ ऑक्टोबर १९७८ रोजी, दुर्गापूजेच्या तोंडावर, कोलकात्यात एक मुलगी जन्माला आली. 'दुर्गा' या नावाने ती जगाला माहीत झाली. कनुप्रिया अगरवाल हे आपले नाव तिने स्वतःच, पंचविशी गाठल्यावर, २००३ मध्ये जाहीरपणे सांगितले. शरीराबाहेर फलन घडवून जन्माला आलेले हे भारतातील पहिले आणि सर्वसाधारणपणे जगातील दुसरे मूल मानले जाते. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या लुईस ब्राउनहून ती ७० दिवसांनी लहान आहे. हा प्रयोग यशस्वी करणारे डॉ. सुभाष मुखोपाध्याय, त्यांच्याविरुद्ध नेमली गेलेली सरकारी समिती आणि १९८१ मधील त्यांची आत्महत्या हा भाग आता पुष्कळांना परिचित आहे. बंगाली कादंबरीने आणि हिंदी चित्रपटाने त्याला शोकांतिकेचे रूप दिले आहे.

या परिचित कथेत एक तपशील मात्र नेहमी ओझरता येतो. लुईसच्या आईच्या दोन्ही बीजवाहिनी नलिका बंद होत्या. दुर्गाच्या आईच्या नलिकाही निकामी होत्या. मुळात बाह्य फलनाचे तंत्र उभे राहिले ते बंद पडलेल्या नलिकेला वळसा घालण्यासाठी. पुरुषबीजाची उणीव, अनाकलनीय वंध्यत्व वगैरे कारणे त्यात पुढे जोडली गेली. तेव्हा प्रजननतंत्राच्या या पराक्रमाआधीची एक पायरी इतिहासकाराने विचारात घ्यायला हवी : नलिका बंद का होतात? कोलकात्यासारख्या, आधुनिक वैद्यक आणि आधुनिक साहित्य या दोहोंचे भारतातील पहिले केंद्र ठरलेल्या शहरात हे कारण कोणाला, कधी आणि कितपत दिसले? या प्रश्नाचा मागोवा घेताना असे आढळते की रोगाची नोंद एका दप्तरात होत राहिली आणि अपत्यहीनतेची दुसऱ्या. आणि ही दोन दप्तरे शेजारी ठेवून वाचण्याचे काम ना राज्यकर्त्यांनी केले, ना कुटुंबाने, ना साहित्याने.

आधी रोगाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्या एका गुणधर्मावर उभे आहे. गर्भाशयाच्या दोन्ही अंगांनी निघणारी बीजवाहिनी नलिका सुमारे १० सेंटिमीटर लांबीची असते. गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना तिची पोकळी जेमतेम एक मिलिमीटर उरते आणि बीजकोशाकडील टोक मात्र झालरीसारखे उलगडलेले असते. बीजकोशातून सुटलेले स्त्रीबीज ही झालर टिपून घेते. आतील अस्तरावरील सूक्ष्म रोमिका एका लयीत हलत राहतात आणि बीज व पुढे फलित झालेला गर्भ यांना गर्भाशयाकडे ढकलतात. नलिका म्हणजे केवळ वाहतुकीचा मार्ग नव्हे. फलन घडते तेही तिच्यातच. योनीमार्गातील जंतू सामान्यतः गर्भाशयमुखाशी अडतात, कारण तेथील घट्ट स्राव बुचासारखे काम करतो. मासिक पाळीत, प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर हा अटकाव सैल होतो आणि जंतू वर चढतात : प्रथम गर्भाशयाचे अस्तर, मग नलिका, मग बीजकोश आणि ओटीपोटाची आतील पोकळी. या वर चढत जाणाऱ्या संसर्गाला वैद्यकात ओटीपोटाचा किंवा श्रोणीचा दाह म्हणतात. परमा ज्यामुळे होतो ते गोनोकोकस जंतू, क्लॅमिडिया, योनीतील ऑक्सिजनविना वाढणारे जंतू, अस्वच्छ हाताने वा हत्याराने आत गेलेले जंतू, असे त्याचे कर्ते अनेक आहेत.

नुकसान जंतू करतात तितकेच शरीराचा प्रतिकारही करतो. दाह ओसरताना अस्तरावरच्या रोमिका गळून पडतात, आतील नाजूक घड्या एकमेकींना चिकटतात, झालरीचे टोक मिटते. मिटलेल्या नलिकेत पाणी साठून ती फुगते किंवा बाहेरून तंतूंच्या जाळ्याने बीजकोशाला जखडली जाते. नलिका पुरती न मिटता अर्धवट राहिली तर धोका वेगळाच : पुरुषबीज आत पोहोचते, पण फलित गर्भ गर्भाशयापर्यंत सरकू शकत नाही, नलिकेतच रुजतो, आणि नलिका फुटून स्त्रीच्या जिवावर बेतते. स्वीडनमधील लुंड येथे लार्स वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीने आत पाहून निदान पक्के केलेल्या १,८४४ स्त्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दाहाचा एक झटका येऊन गेलेल्या स्त्रियांत नलिकेच्या दोषामुळे वंध्यत्व येण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, दोन झटक्यांनंतर १९.५ टक्के आणि तीन वा अधिक झटक्यांनंतर ४० टक्के होते. म्हणजे एकेका झटक्यागणिक धोका दुपटीहून अधिक वाढत जातो आणि वेळीच दिलेले औषध हा केवळ वेदनेवरचा उतारा राहत नाही.

प्रस्तुत विवेचनाला निर्णायक ठरणारा गुणधर्म यापुढचा. हा दाह पुष्कळदा बोलत नाही. क्लॅमिडियाच्या संसर्गात तर ताप नाही, असह्य कळ नाही. थोडे अंगावरून पांढरे जाणे, कमरेत भरून येणे, एवढेच. स्त्री ते अंगावर काढते. नलिका मिटते तेव्हा कळत नाही. कळते ते काही वर्षांनी, कूस उजवत नाही तेव्हा. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये इतके अंतर पडले की मधली जागा रिकामी राहत नाही. दैव, पाप, दृष्ट, पत्रिका, शाप यांपैकी काही ना काही ती भरून काढते.

भाषेने ही जागा फार पूर्वीच भरून टाकली होती. बंगालीतील 'बंध्या' आणि 'बांजा', हिंदीतील 'बाँझ', मराठीतील 'वांझ' हे सर्व शब्द 'वन्ध्या' या संस्कृत शब्दाचे वंशज. पारंपरिक व्युत्पत्ती त्याचा संबंध बांधणे, अडवणे या अर्थाच्या धातूशी जोडते. शारीरदृष्ट्या ही व्युत्पत्ती विलक्षण नेमकी आहे, आणि तरीही तिचा काही उपयोग झाला नाही, कारण काय बांधले गेले याऐवजी कोण बांधली गेली एवढेच शब्दाने सांगितले. चरक आणि सुश्रुत यांनी वीस योनिव्यापदे वर्णिली. त्यांत दाह, स्राव, वेदना यांचे बारकावे आहेत, आणि पुरुषबीजाच्या दोषाचीही दखल या परंपरेने घेतली आहे. पण व्यवहारात चालले ते धर्मशास्त्र. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या पत्नीला आठव्या वर्षी बाजूस सारून दुसरी करण्याची मुभा आहे. आठ वर्षांची ही मुदत म्हणजे एका अर्थी निदानच होते. तपासणीची गरज त्याला नव्हती.

वसाहतकालीन कलकत्त्यात तपासणी आली ती वेगळ्याच दाराने. १८६८ चा चौदावा कायदा, म्हणजे सांसर्गिक रोगांविषयीचा कायदा, शहरातील वेश्यांना नोंदणी आणि ठरावीक काळाने शरीरतपासणी सक्तीची करणारा होता. रोग आढळल्यास स्त्रीला खास रुग्णालयात कोंडून ठेवले जाई. बंगाली लोकांच्या तोंडी तो 'चौद्दो आइन' म्हणूनच राहिला. बटतळ्याच्या स्वस्त छापखान्यांतून त्यावर गाणी आणि प्रहसने निघाली, आणि तपासणी टाळण्यासाठी अनेक स्त्रिया फ्रेंचांच्या ताब्यातील चंद्रनगरला पळून गेल्या. कायद्याचा हेतू गोऱ्या सैनिकांचे आरोग्य राखणे हा होता, आणि त्यात पुरुषांच्या तपासणीची तरतूद नव्हती. संसर्ग स्त्रीपासून सुरू होतो आणि पुरुषापाशी संपतो, असे या कायद्याचे गृहीत होते. पुरुषाकडून तो पुन्हा कोणाकडे जातो, हे विचारण्याची जागाच त्यात ठेवलेली नव्हती. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला तो इंग्लंडमधील आणि येथील नैतिक विरोधामुळे. त्यामागचे गृहीत मात्र रद्द झाले नाही.

ते गृहीत चुकीचे आहे हे सांगणारा एक माणूस त्याच सुमारास होऊन गेला होता. न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करणाऱ्या एमिल नोगेराथ या जर्मन वंशाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने १८७२ मध्ये स्त्रियांतील सुप्त परम्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. लग्नापूर्वी परमा होऊन 'बरा' झालेला पुरुष प्रत्यक्षात बरा झालेला नसतो, तो आपल्या निरोगी पत्नीला संसर्ग देतो, आणि तिचे दीर्घ आजारपण व वांझपण यांचे मूळ तेथे असते, असे त्याने प्रतिपादन केले. समव्यावसायिकांनी त्याची संभावना जवळजवळ थट्टेने केली. १८७९ मध्ये ब्रेस्लाउ येथे आल्बर्ट नायसरने परम्याचा जंतू दाखवून दिला आणि नोगेराथचे म्हणणे हळूहळू मान्य होत गेले. तुलनाकारांच्या दृष्टीने ही तारखांची जुळणी अर्थपूर्ण आहे. चौद्दो आइन अमलात असतानाच कार्यकारणाची साखळी वैद्यकाच्या हाती येऊ लागली होती, आणि तिच्यातली मधली कडी पती ही होती.

सक्तीच्या तपासणीचा हा काळ संपतो न संपतो तोच, त्याच परिसरात, तपासणीच्या नेमक्या उलट्या बाजूविषयी एक मराठी तरुणी बोलली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातील बदलीमुळे हुगळीकाठच्या श्रीरामपूरला होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला वैद्यक शिकण्यास का जाणार याविषयी भाषण केले, आणि ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. स्त्रिया पुरुष वैद्यासमोर आपला आजार उघड करण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून या देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, हे त्यांच्या त्या काळच्या प्रतिपादनाचे सूत्र होते. चौदाव्या वर्षी झालेला स्वतःचा मुलगा त्यांनी दहा दिवसांत गमावला होता. हे सूत्र पुस्तकातून आलेले नव्हते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील पदवीसाठी त्यांनी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या. पदवीनंतर वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई वारल्या. अवघ्या पंधरा वर्षांच्या अंतरातील ही दोन दृश्ये एकत्र पाहिली की एका शहराची स्त्रीशरीराविषयीची व्यवस्था स्पष्ट होते : काही स्त्रियांना तपासणी नाकारता येत नव्हती आणि उरलेल्यांना ती मिळत नव्हती. जंतूला अर्थातच ही वर्गवारी ठाऊक नव्हती.

घरच्या स्त्रीपर्यंत संसर्ग पोहोचण्याचा दुसरा मार्ग प्रसूतीचा. बंगाली घरातील 'आँतुडघर', म्हणजे बाळंतिणीची वेगळी काढलेली, बहुधा कोंदट खोली, आणि तेथील दाईचे न धुतलेले हात यांविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भरपूर लिहिले गेले. पण त्या लेखनाचा रोख मुख्यतः बालमृत्यूवर आणि बाळंतिणीच्या मृत्यूवर आहे. जी वाचली, पण जिला पुन्हा मूल झाले नाही, ती या वाङ्मयात सहसा येत नाही. बंगालीत तिच्या आजाराला 'सूतिका' आणि मराठीत 'बाळंतरोग' असे मोघम नाव होते. एक मूल होऊन थांबलेल्या स्त्रीला मराठीत 'काकवंध्या' असा स्वतंत्र शब्द आहे. अनुभवाचे निरीक्षण किती बारीक होते आणि कारणाचा शोध किती दूर, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. पंचांगांच्या मागच्या पानांवर मात्र कारण आणि परिणाम एकमेकांचे शेजारी होते. प्रमेहावरचे हमखास औषध, श्वेतप्रदरावरचे औषध आणि संतानप्राप्तीचे औषध एकाच कागदावर जाहिरातींच्या चौकटींत मांडलेले असे. पहिले पुरुषाने मागवायचे, बाकीची दोन स्त्रीसाठी, आणि तिघांचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणीही म्हणत नसे.

तिसरा मार्ग क्षयाचा, आणि भारताच्या संदर्भात तो गौण मानता येत नाही. फुप्फुसातील क्षयाचे जंतू रक्तावाटे नलिकेत उतरतात. खोकला थांबतो, रुग्ण बरी झाली असे वाटते, आणि नलिका आतून घट्ट होत जाते. येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक विसंगती खुणावल्याशिवाय राहणार नाही. कवी सुकांत भट्टाचार्य मे १९४७ मध्ये, वयाची एकविशी गाठण्यापूर्वी, जादवपूरच्या क्षयरोग रुग्णालयात वारला. त्याच जादवपुरात १९५६ मध्ये बुद्धदेव बसू यांनी भारतातील पहिला तौलनिक साहित्य विभाग सुरू केला. फुप्फुसाच्या क्षयाला बंगालीत, मराठीत आणि युरोपीय भाषांत कविता आहे, नायक-नायिका आहेत, फिकट सौंदर्याचा एक संकेतच आहे. नलिकेच्या क्षयाला काहीही नाही.

हा फरक केवळ सभ्यतेच्या संकोचातून आला असे म्हणणे अपुरे आहे. उपदंशाविषयीही संकोच होताच. तरी इब्सेनच्या १८८१ च्या 'घोस्ट्स' पासून ब्रियोच्या नाटकापर्यंत उपदंशाला रंगभूमी मिळाली. याचे कारण कथनाच्या गरजेत शोधावे लागते. उपदंश पुढच्या पिढीत उतरतो. बापाचे पाप मुलाच्या देहावर उमटते आणि त्या मुलाला रंगमंचावर उभे करता येते. परम्याचा आणि त्याने झालेल्या दाहाचा वारसा याच्या उलट आहे. साक्ष द्यायला जे मूल हवे तेच तो होऊ देत नाही. नाटककाराला पात्र मिळत नाही. मग कथा उरते ती अनपत्य स्त्रीची, आणि तीही रोगापासून तोडलेली.

रवींद्रनाथांची १८९३ मधील 'मध्यवर्तिनी' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. निवारण आणि हरसुंदरी यांना मूल नाही. हरसुंदरी दीर्घ तापाने अंथरुणाला खिळते, पती तिची मनोभावे शुश्रूषा करतो, आणि बरी झालेली हरसुंदरी कृतज्ञतेच्या उमाळ्यात त्याला दुसरे लग्न करण्याचा आग्रह धरते. पुढे जे घडते ते रवींद्रनाथांच्या निर्दय मनोविश्लेषणाचा नमुना आहे. येथे हरसुंदरीचे वैद्यकीय निदान करू पाहणे हास्यास्पद ठरेल; काल्पनिक पात्राला नलिका नसतात. लक्षात घ्यायचे ते एवढेच की कथेत आजार आहे आणि अपत्यहीनताही आहे, पण लेखकाला, पात्रांना किंवा तत्कालीन वाचकाला त्या दोहोंत संबंध असू शकतो असे सुचत नाही. निवारणचा देह तर प्रश्नाच्या कक्षेतच नाही. शरच्चंद्रांच्या 'बिंदूर छेले' (१९१४) मध्ये निपुत्रिक बिंदूला झटके येतात आणि जावेचे मूल मांडीवर ठेवताच ते शमतात. उपाय मातृत्वाचा, म्हणून रोगही मातृत्वाच्या अभावाचा, असा हा उलटा तर्क आहे. या कथेचे बळ नाकारण्याचे कारण नाही. पण देहातील कारण मनात हलवण्याची जी सवय एकोणिसाव्या शतकाच्या वैद्यकाने लावली होती, तिचेच हे ललित रूप आहे.

मराठीत ही सवय मोडण्याचा प्रयत्न ललित लेखनातून न होता र. धों. कर्वे यांच्याकडून झाला. १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून आणि स्वतंत्र पुस्तकांतून त्यांनी गुप्तरोगांविषयी जे कोरडे, नीतीचा सूर न लावणारे लेखन केले, त्यात पुरुषाची जबाबदारी आडपडदा न ठेवता येते. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आंबेडकरांचा युक्तिवाद आणि कर्व्यांचा दंड हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे. येथे एवढे नोंदवावे की दोन दप्तरे एकत्र ठेवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तो न्यायालयात पोहोचला.

कलकत्त्याच्या वैद्यकाला नलिका प्रत्यक्ष दिसू लागली ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या इसिडोर रुबिनने गर्भाशयातून वायू सोडून नलिका मोकळी आहे की नाही हे पाहण्याची चाचणी मांडली. वांझपणाला प्रथमच मोजता येणारा पुरावा मिळाला, शस्त्रक्रियेशिवाय. कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या ईडन रुग्णालयात त्या काळी अध्यापन करणारे व्ही. बी. ग्रीन-आर्मिटेज पुढे लंडनला परतले आणि मिटलेल्या नलिका कापून गर्भाशयात पुन्हा बसवण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांनी नाव मिळवले. कलकत्त्याच्या स्त्रीरुग्णालयात आयुष्याची ऐन वर्षे घालवलेल्या शल्यचिकित्सकाने उत्तरायुष्यात नलिकेकडे वळावे, हा क्रम सूचक वाटतो. अशा शस्त्रक्रियांचे यश मर्यादित होते. मार्ग मोकळा करता येई. गळून गेलेल्या रोमिका परत लावता येत नसत.

या पार्श्वभूमीवर सुभाष मुखोपाध्याय यांच्या कामाकडे पुन्हा पाहता येते. १९३१ मध्ये हजारीबागला जन्मलेले मुखोपाध्याय कलकत्ता आणि एडिंबरा अशा दोन विद्यापीठांचे डॉक्टरेट होते. क्रायोजैवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांच्यासह त्यांनी संप्रेरकांच्या साहाय्याने एकाच चक्रात अनेक बीजे पक्व केली, ती योनीमार्गाने बाहेर काढली, फलनानंतर गर्भ गोठवून ठेवला आणि पुढच्या एका चक्रात गर्भाशयात सोडला. इंग्लंडमधील पद्धतीत यांतले काहीच नव्हते, आणि पुढे जगभर रूढ झाले ते बव्हंशी हेच. राज्य सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष प्रजननशास्त्राशी संबंध नसलेले भौतिकीतज्ज्ञ होते. दावा फेटाळला गेला, परदेशी परिषदेला जाण्याची परवानगी नाकारली गेली, आणि १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवले.

रमापद चौधुरींच्या 'अभिमन्यू' या लेखनावर आधारलेला तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट १९९० चा. त्यातील डॉक्टर शोध लावतो तो कुष्ठरोगावरील लशीचा. ही अदलाबदल कलात्मक स्वातंत्र्य म्हणून समजण्यासारखी आहे, आणि चित्रपट प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु तिचा परिणाम असा झाला की नोकरशाहीने गिळलेला प्रतिभावंत मध्यभागी आला आणि जिच्या नलिका मिटल्या होत्या ती स्त्री चौकटीबाहेर गेली. वैज्ञानिकांच्या वर्तुळातील चर्चाही गर्भ गोठवण्याच्या अग्रमानाभोवती फिरली. १९८६ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा चावडा हिचा जन्म झाला आणि इंदिरा हिंदुजा व टी. सी. आनंद कुमार यांच्या त्या यशाला अधिकृत प्रथम क्रमांक मिळाला. याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या टिपणांचा अभ्यास करून १९९७ मध्ये 'करंट सायन्स' मध्ये प्रथम स्थान कोलकात्याचे असल्याचे जाहीर केले. स्वतःचा मान स्वतः उतरवून ठेवण्याची अशी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडी आहेत. नलिका कशाने बिघडतात हा प्रश्न या न्यायनिवाड्यात येण्याचे कारणच नव्हते. तंत्राने तो अनावश्यक केला होता, निदान तसे वाटत होते. वस्तुतः पाण्याने फुगलेली नलिका तशीच राहू दिल्यास बाह्य फलनाचे यश जवळजवळ निम्म्यावर येते, असे पुढे दिसून आले. वळसा घातला तरी ती पाठ सोडत नाही. अनेकदा आधी काढून टाकावी लागते.

बाह्य फलनाचा खर्च ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे अशा स्त्रियांकडे पाहायचे तर कोलकात्याहून महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला यावे लागते, कारण या विषयाची देशातील अत्यंत महत्त्वाची आकडेवारी तेथून आली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, त्यांतील निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता, आणि यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. श्रीरामपूरच्या भाषणाला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती. या स्त्रियांशी झालेल्या संवादातून राणी बंग यांनी पुढे 'कानोसा' हे पुस्तक लिहिले. त्यात ललित साहित्याने न नोंदवलेली शब्दकळा आहे : अंगावरून जाण्याचे प्रकार, त्यांची नावे, त्यांना चिकटलेले भय. तौलनिक अभ्यासकाने रवींद्रनाथांच्या कथेशेजारी ठेवावे असे हे पुस्तक आहे, आणि हे विधान केवळ सौजन्याचे नाही.

कोलकात्यात दप्तरे उलटली ती सोनागाछीत. अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या वतीने डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये तेथे लैंगिक संसर्ग आणि एचआयव्ही यांविषयीचा प्रकल्प सुरू केला. चौद्दो आइनाने ज्यांना पोलिसांच्या बळावर टेबलावर निजवले होते, त्यांच्याच वस्तीतील स्त्रिया आता समवयस्क शिक्षिका म्हणून घरोघर जाऊ लागल्या. दवाखान्यात यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क येणारीचा होता. १९९५ मध्ये त्यांनी 'दुर्बार महिला समन्वय समिती' स्थापन केली. बंगालीत 'दुर्बार' म्हणजे ज्याला आवरता येत नाही असा. जाना २०२१ मध्ये वारले, संस्था राहिली. एचआयव्हीच्या भीतीने मिळालेल्या पैशातून परमा, क्लॅमिडिया आणि ओटीपोटातील दुखणी यांवरील उपचार नियमित झाले, हा त्या साथीचा एक अनपेक्षित उपकारच म्हणावा लागेल.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने पुढे लक्षणांवरून उपचार करण्यासाठी रंगीत डब्या ठरवून दिल्या. ओटीपोटातील दुखण्यासाठीची सहावी डबी पिवळी. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, संशय येताच ती द्यायची, कारण वाट पाहण्याची किंमत नलिका मोजते. तिच्यात तीन औषधे असतात. दोन आठवड्यांचा उपचार आहे, आणि दुखणे थांबले म्हणून मध्येच सोडायचा नाही असे रुग्णेला समजावून सांगायचे असते. त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक सूचना आहे. स्त्रीच्या जोडीदाराला बोलावून घ्यावे आणि त्याची तक्रार असो वा नसो, त्यालाही औषध द्यावे.